उरणाऱ्यांची बाजू

रॅकची सगळ्यांत खालची फळी आणि फरशी यांच्यामध्ये वीतभर फट होती, आणि त्या फटीत तिला आपल्या नवऱ्याचे बूट दिसले. शेजारणीच्या घरी अचानक आपली वाटी दिसावी तसं झालं. आधी ओळख पटली, आणि मग ही इथे कशी हा प्रश्न आला. तपकिरी बूट, डाव्याची टाच बाहेरच्या अंगाला झिजलेली, उजव्याची नाडी तपकिरी आणि डाव्याची काळी. ती काळी नाडी गेल्या सुट्टीच्या दिवशी तिनंच ओवली होती. घरात तपकिरी सापडत नव्हती, आणि तो म्हणाला होता, "असू दे गं काळीच, मला कुठे कुणाला तोंड दाखवायचंय. आणि पायाकडे बघतंय कोण, तू सोडून?" ती वाचनालयाच्या काउंटरवर बसली होती, हातात शिक्का होता. समोरचे पेन्शनर गृहस्थ पुस्तक उघडं धरून उभे होते. तिनं शिक्का उमटवला, तो तिरका पडला, शाई थोडी फासली, आणि गृहस्थ पुस्तक काखेत मारून निघून गेले. या वेळी नवरा दोन रस्त्यांपलीकडे नगररचनेच्या कार्यालयात, उतरत्या फळीवर कागद ताणून, कुठल्यातरी रस्त्याची रुंदी आखत बसलेला असायला हवा होता. आणि दुसऱ्या कुठल्याही रॅकमागे त्याचे बूट दिसले असते तर तिनं हाक मारली असती.

तो रॅक तिचा होता. म्हणजे वाचनालयाचाच, पण तो तिनं उभा केला होता, आई गेल्यानंतरच्या वर्षी. त्याला नाव दिलेलं नव्हतं. इतर रॅकवर इतिहास, प्रवास, बागकाम अशा पाट्या होत्या. या रॅकवर नुसती कोरी पाटी होती, आणि तरी ज्याला हवा त्याला तो सापडत असे. मरणाची तयारी कशी करावी, वेदना कशा सांगाव्यात, डॉक्टरांना काय विचारावं, घरी मरायचं असेल तर काय काय लागतं, आणि मग माणूस गेल्यावर मागच्यांनी काय करावं, झोप कशी आणावी, त्याच्या कपड्यांचं काय करावं, अशी सगळी पुस्तकं. रॅक तिनं मुद्दाम बाजूच्या दाराशी ठेवला होता, पाठ काउंटरकडे करून, म्हणजे माणसाला कुणाच्या समोरून जावं लागू नये. तिथलं पुस्तक नोंद न करता न्यायचं, जमेल तेव्हा आणायचं, नाही जमलं तर नाही. कार्यकारिणीत यावर बरंच गुऱ्हाळ चाललं होतं. पुस्तकं चोरीला जातील, असं चिटणीस पुन्हा पुन्हा म्हणत होते. शेवटी चहा घेऊन आलेले वाचनालयाचे जुने शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणत, दारातूनच म्हणाले, "साहेब, तिथे माणसं चाललीत, आणि तुम्ही पुस्तकांचं काय घेऊन बसलात?" सगळे हसले आणि ठराव पास झाला. आणखी एक नियम होता, तो कुठे लिहिलेला नव्हता, तिनं स्वतःला आणि मामांना घालून दिलेला. त्या रॅकमागे कुणी असलं की काउंटरवरून वर बघायचं नाही. रडणाऱ्याला जगात कुठेतरी एक अशी जागा हवी की जिथे कुणी वर बघत नाही. आईच्या वेळी तिला ती जागा मिळाली नव्हती. ती दवाखान्याच्या जिन्यात रडली होती, आणि येणारा-जाणारा प्रत्येक माणूस पायरीवर थबकून तिच्याकडे बघत होता.

पण वर बघायचं नाही म्हटल्यावर डोळे खाली जातात, आणि खाली ती फट होती. आपण बघतोय हेच मुळी तिला कितीतरी दिवस कळलं नव्हतं. हळूहळू ती माणसं पायांवरून ओळखू लागली. घरी जेवताना ती नवऱ्याला सांगायची, आज पंप शू आले होते, पुष्कळ दिवसांनी. आज उंच टाच आली आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिली, काही न घेता गेली. तो तिचा खेळच होऊन बसला होता, आणि नवऱ्याचाही. गेल्या महिन्याभरात तर तो स्वतःच विचारायचा, "काय म्हणतोय तुझा कॅनव्हास?" कॅनव्हास म्हणजे पांढरे, स्वस्तातले, पदपथावर मिळतात तसले नवेकोरे कॅनव्हासचे बूट. कुणीतरी पुरुष दुपारी यायचा, रॅकच्या डाव्या टोकाला उभा राहायचा, आणि उभ्यानंच वाचायचा. कधीच काही घरी न्यायचा नाही. तिला त्याची फार कणव आली होती. त्याचे पाय मधूनच थरथरत. एकदा तिनं मामांना सांगून डाव्या टोकाला एक स्टूल ठेवून घेतलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी ते बूट स्टुलाच्या पायांपाशी शांत टेकलेले दिसले तेव्हा तिला इतका आनंद झाला की संध्याकाळी दारातूनच तिनं नवऱ्याला ती बातमी दिली. "वा," तो म्हणाला होता, "बसला म्हणजे माणूस." अलीकडे कॅनव्हास येत नव्हता. तिनं मनाशी धरलं होतं, संपलं असेल.

डावं टोक म्हणजे जाणाऱ्यांचं. तशी तिनं रचनाच केली होती. डावीकडे जो जाणार त्याची पुस्तकं, उजवीकडे जे उरणार त्यांची, आणि मधे दोघांना लागणारी बारीकसारीक, मुलांना कसं सांगावं वगैरे. ही रचना तिच्याशिवाय फक्त नवऱ्याला माहीत होती. फळीवर तसं काही लिहिलेलं नव्हतं. लिहिणार तरी काय?

बूट हलले नाहीत. मधोमध होते ते. ती बसून राहिली. पंख्याचा वारा एका वर्तमानपत्राचा कोपरा उचलत होता आणि सोडत होता. मग त्या दोन बुटांभोवती गेल्या काही महिन्यांतल्या गोष्टी आपोआप येऊन बसू लागल्या, पाखरं तारेवर येऊन बसतात तशा, एक आली की दुसरी. त्याच्या पट्ट्याला त्यानं खिळ्यानं पाडलेलं नवं भोक. "ऑफिसातल्या कँटीनचं जेवण बंद केलंय ना, उतरलं पोट." पाण्याची मोटर बंद पडली तर कुठलं बटण दाबायचं हे त्यानं तिला दाखवलं होतं, आणि तिनं दुर्लक्ष केलं तर आवाज चढवून पुन्हा दाखवलं होतं. आवाज चढवणारा माणूस नव्हता तो. एका सकाळी आंघोळीनंतर तो आरशासमोर नुसता उभा होता, दाढीचा साबण गालावर वाळत होता. तिनं विचारलं काय बघतोस, तर म्हणाला, "म्हातारा कोण आलाय आपल्याकडे, त्याला बघतोय." ती हसली होती. आता तिनं हातातला शिक्का खाली ठेवला. उठावं. वळसा घालून मागे जावं. काय रे, इथे काय करतोस, एवढं म्हणावं. रॅक काही दूर नव्हता. पण मागे गेलं की त्याचा चेहरा दिसणार, आणि चेहरा दिसला की ते खरं होणार. आणि नियम? स्वतःच घातलेला नियम स्वतःच्या नवऱ्यासाठी मोडायचा? नियमाची ढाल तिला बरी वाटली. ढालीमागे ती घट्ट बसून राहिली. बूट उजवीकडे सरकले. तिथे थांबले. फार वेळ थांबले. एकदा त्यांची टोकं फळीखालून काउंटरच्या दिशेला पुढे सरकली, जणू बूटच तिच्याकडे बघताहेत, आणि तिनं चटकन समोरच्या पुस्तकात डोकं घातलं. मग बाजूच्या दाराची स्प्रिंग कुरकुरली.

"बाई, चहा गार झाला," मामा म्हणाले.

"राहू दे मामा."

"तब्येत बरी नाही का? मागच्यासारखी चक्कर वगैरे?"

"नाही हो. असू दे."

ती उठून रॅकमागे गेली. आधी डावं टोक. तिथलं पुस्तक न् पुस्तक तिला तोंडपाठ होतं. सगळी जागच्या जागी होती, निरोगी दातांसारखी, एकाला एक लागून. तिनं दोनदा बोट फिरवलं. एकही गेलेलं नव्हतं. तिला हुंदक्यासारखं हसू आलं. काही नाही, त्याला काही झालेलं नाही, वेडा कुठला, पुस्तक बघायला आला असेल. मग ती उजवीकडे वळली, आणि तिथे खाच होती. जोडीदार गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षाविषयीचं निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक नव्हतं. शेजारची दोन पुस्तकं खाचेत एकमेकांवर कलली होती.

जोडीदार.

तिला ते लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा तिनं फळीला धरलं. तो उरणाऱ्यांच्या बाजूला उभा होता. म्हणजे जाणारी कोण?

महिन्यापूर्वी शिडीवरून पुस्तक काढताना तिला चक्कर आली होती. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्ट आणायला नवरा गेला आणि फार उशिरा आला. "काही नाही, लोह कमी आहे तुझं. खिळे खात जा." त्या आधी दोघं मिळून दवाखान्यात गेले होते तेव्हा डॉक्टर त्याला म्हणाले होते, "तुम्ही जरा थांबा," आणि तिला बाहेर बाकावर बसावं लागलं होतं. दार बंद झालं होतं. तिनं तेव्हा काहीच मनात आणलं नाही! जिनं आईच्या वेळी स्वतः त्या बंद दाराच्या आत उभं राहून ऐकलं होतं आणि आई बाहेर बाकावर बसली होती, तिनं. तिच्या माहेरी वाईट गोष्ट तोंडानं बोलायची पद्धत नव्हती. बोललं की खरं होतं, असं आजीपासून सगळे म्हणत. आईला कुणीच काही सांगितलं नाही. शेवटच्या महिन्यात आईनं एकदाच, चादरीची कड चिमटीत धरून, विचारलं होतं, "माझं काही खरं नाही ना गं?" आणि लेक उशी सारखी करत म्हणाली होती, "काहीतरीच काय बोलतेस?" आई "बरं" म्हणाली आणि तिनं पुन्हा विचारलं नाही. त्या "बरं"मध्ये आईनं लेकीला सांभाळून घेतलं होतं, हे कळायला तिला तो रॅक उभा करावा लागला.

संध्याकाळी ती चालत घरी निघाली. आपल्या शरीराचं तिला भय वाटत होतं. ते तिच्याबरोबर चालत होतं, पण काहीतरी ठाऊक असलेल्या माणसासारखं, तोंड मिटून. कुठे असेल ते? डाव्या कुशीत कधीमधी दुखतं, तिथे? की डोक्यात? लायब्ररीतल्या धुळीनं येणाऱ्या खोकल्यात? रस्ता नेहमीचाच होता. किल्ल्या बनवणारा कानस घासत होता, लाँड्रीतून वाफेचा वास येत होता, एक बाई गॅलरीतून ओरडून कुणाला तरी ब्रेड आणायला सांगत होती. हे सगळं उद्याही असणार होतं. तिला त्या ब्रेड आणायला सांगणाऱ्या बाईचा राग आला. मग नवऱ्याचा आला. महिनाभर यानं हे पोटात ठेवलं, माझ्याशी हसला, कॅनव्हासची चौकशी केली, आणि आता माझ्याच रॅकवरून, माझ्या समोरून, माझ्यानंतरच्या वर्षाची तयारी घेऊन गेला. मग राग विरला आणि खाली नुसतं भय उरलं, ओल्या कपड्यासारखं अंगाला चिकटलेलं. इतक्या अनोळखी माणसांसाठी तिनं ती पुस्तकं वेचून आणली होती, त्यांतली बहुतेक वाचली होती, काहींना स्वतः पुठ्ठे घातले होते. त्यांतलं एक वाक्य आठवेना. एकही नाही.

घरी तो आधीच आला होता. बूट दाराशी होते, एक काळी नाडी, एक तपकिरी. स्वयंपाकघरात त्यानं भाजी चिरून ठेवली होती, नकाशेवाल्यासारखी, एका मापाची. "या बाईसाहेब," तो म्हणाला. "आज उशीर? कॅनव्हास परत आला की काय?" तिनं त्याच्याकडे पाहिलं. चेहरा नेहमीचाच. ऑफिसची पिशवी खुर्चीला लटकत होती आणि तिच्यातून निळ्या पुठ्ठ्याची कड दिसत होती. लपवलंही नव्हतं नीट. ती टेबलाच्या या बाजूला बसली, तो त्या बाजूला होता. न बोलता जेवावं, भांडी घासावीत, उद्या पुन्हा शिक्के मारावेत, "बरं" म्हणावं आईसारखं, असं तिला क्षणभर फार वाटलं. किती सोपं होतं ते.

"मला कळलंय," ती म्हणाली.

त्याचा हात भाजीवर थांबला. "काय कळलंय?"

"सोंग नको. रॅकखालून तुझे बूट दिसले. आणि कुठलं पुस्तक गेलंय तेही बघितलं मी."

तो सावकाश खुर्चीवर बसला. तिला वाटलं, आता तो म्हणेल, काहीतरीच काय बोलतेस. म्हण, असं तिला वाटलं. देवा, याला म्हणू दे.

"बरं झालं," तो म्हणाला. "मला सांगता येत नव्हतं."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"पोटात आहे. काढण्यासारखी गाठ नाही म्हणतात. पुढच्या आठवड्यात पुन्हा बघणार आहेत, पण ते आपलं बघायचं म्हणून."

"दुखेल का रे फार?"

"औषधं असतात आता. ते बघून ठेवलंय मी."

"मला का नाही सांगितलंस? माझ्या पोटातलं मलाच नको कळायला?"

तो तिच्याकडे बघत राहिला. "तुझ्या?" तो म्हणाला. "तुझ्या पोटात काय?"

तेव्हा तिच्या आत एक श्वास सुटला. कोंडलेला, संध्याकाळभर कोंडलेला, मोठा, गोड श्वास. मी नाही. तो तिनं ऐकला, आणि त्याच क्षणी तिला कळलं तो कशाचा होता, आणि टेबल, भाजी, त्याचे टेबलावर पालथे ठेवलेले हात हे सगळं तिच्यापासून एकदम लांब गेलं, दुर्बिणीच्या उलट्या बाजूनं दिसावं तसं.

"तुला वाटलं... अगं वेडे," तो म्हणाला. "तुझं लोहच कमी आहे. खरंच. डॉक्टरांनी मला थांबवलं ते माझ्यासाठी. त्याच्या आधीच्या आठवड्यात मी तपासून घेतलं होतं, तुला न सांगता."

"मग ते पुस्तक?"

"ते कुणासाठी असतं? तूच सांगितलंस ना, उजवीकडची उरणाऱ्यांसाठी. मग तुझ्यासाठीच आणलं. आधी आपण वाचून बघावं म्हटलं, तुला काय काय लागेल, काय करून ठेवता येईल." त्यानं हसायचा प्रयत्न केला. "पहिल्याच प्रकरणात लिहिलंय, घाईनं घर बदलू नका. तर घर बदलू नकोस हं."

माणसं पुस्तकं दुसऱ्यासाठीही नेतात. आजारी बापासाठी, शेजारणीसाठी, न बोलणाऱ्या मुलीसाठी. सारी नोकरी काउंटरवर काढून तिला एवढं आठवलं नव्हतं. "आणि डावीकडची?" तिनं विचारलं. तिचा आवाज तिला ओळखू येईना.

"ती झाली वाचून. तिथेच. ती घरी आणण्यासारखी नव्हती गं."

"कधी? मला दिसलं असतं. मला पाय दिसतात."

"माहीत आहे ना मला," तो म्हणाला. त्यानं पिशवी ओढली, निळं पुस्तक बाजूला काढलं, आणि तळातून नकाशाच्या पारदर्शक कागदात गुंडाळलेलं काहीतरी वर काढून दोघांच्या मधे ठेवलं. कागद उलगडला. पांढरे कॅनव्हासचे बूट होते. टाचांशी थोडे मळलेले. "ऑफिसच्या खणात ठेवायचो. जेवणाच्या सुट्टीत घालून यायचो. तुझ्या समोर वाचलं की जरा धीर यायचा. तू असायचीस तिथेच, शिक्क्यांचा आवाज यायचा. आणि वर बघणार नाहीस याची खात्री."

काय म्हणतोय तुझा कॅनव्हास? डावीकडेच उभा असतो का अजून? एकेका संध्याकाळी, याच टेबलावर, ती त्याला त्याच्याचबद्दल सांगत आली होती. आज त्याचे पाय थरथरत होते रे. आज लवकर गेला. बिचाऱ्याचं कुणी नसेल, नाहीतर असा एकटा कशाला येईल. आणि तो ऐकायचा, तिच्या ताटात वाढायचा. तिला त्या बुटांकडे बघवेना. मरण आता घरात होतं, आणि ते असं दिसत होतं, स्वस्त आणि पांढरं, नाड्या नीट बांधलेलं.

"मग आज हे घालून का नाही आलास?" तिनं विचारलं. "आज ते तपकिरी का?"

तो पारदर्शक कागदाची घडी घालत होता. कोपऱ्याला कोपरा जुळवून, पुन्हा एक घडी, पुन्हा एक. "आठवडाभर आलोच नाही. पुस्तकं संपली होती. मग आज म्हटलं," तो म्हणाला, "आता दिसावं तुला. सांगता येत नाही तर निदान दिसावं. बराच वेळ उभा होतो मी. वाटलं, तू उठून येशील."

काहीतरीच काय बोलतेस, आईला म्हटलेलं ते वाक्य तिच्या जिभेवर आपोआप आलं, तयार, गुळगुळीत, पिढ्यांनी वापरलेलं. तिनं ते गिळलं. त्याच्या जागी ठेवायला तिच्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

"मला भीती वाटली," ती म्हणाली. "अजून वाटतेय."

"मलाही," तो म्हणाला. मग, तिचा चेहरा बघून, नेहमीसारखाच, तिला सांभाळून घेत, "पण ते स्टूल मात्र बरं केलंस हं. पाय फार दुखायचे."

मधे टेबल होतं. त्याला वळसा घालून पलीकडे जायचं होतं. ती उठली.